आयर्विन पुलावरचा ‘परवा’

(दृश्य: पहाट. कृष्णेवर धुकं. आयर्विन पुलाच्या कमानी.)

पावसाळ्यात सांगलीकर एकमेकांची खुशाली नंतर विचारतात. आधी विचारतात, “आयर्विनला किती फूट?” 1929 साली सुरू झालेल्या या पुलाशी कृष्णा मोजली जाते. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्याही वर गेलं होतं.

पुलावर उभं राहून आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांना एवढंच विचारलं : तो महापूर कधीचा हो?

कॉलेजच्या पोरांनी बोटं मोजली आणि बरोब्बर साल सांगितलं. तेव्हा ती शाळेत होती, त्यांच्या लेखी ते दुसरंच युग. सायकल हातात धरून निघालेले एक आजोबा मात्र थांबलेसुद्धा नाहीत. जाता जाता म्हणाले, “परवाच की!”

हा ‘परवा’ मोठा लबाड शब्द. दहा वर्षांच्या मुलाचा परवा दोनच दिवस मागे असतो. चाळिशीत तो दोन-तीन महिने मागे सरकतो. सत्तरीत त्यात पाच-सहा वर्षं सहज मावतात, आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही चुकल्यासारखं वाटत नाही.

असं का होतं? पॉल जाने या फ्रेंच तत्त्वज्ञानं 1877 मध्ये अपूर्णांकाचं उत्तर दिलं. पाच वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा पाचवा हिस्सा. पन्नाशीच्या माणसाला तेच वर्ष पन्नासावा हिस्सा. हिशेब चोख आहे. पण आपण काही रोज जन्मापासूनची बेरीज करत बसत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये या हिशेबाची दखल घेतली, पण त्यानं कोडं सुटत नाही असंच त्यांचं मत पडलं. त्यांनी बोट ठेवलं ते सवयीवर.

(दृश्य: मार्केट यार्ड. हळदीची पोती, हवेत पिवळी धूळ.)

सवय म्हणजे काय, ते इथं दिसतं. एक तोलाईदार त्यांच्या पहिल्या हंगामाबद्दल बोलायला लागले, ते थांबेचनात. पहिल्या दिवशी नाकातोंडात गेलेली हळद, रात्री अंघोळीचं पिवळं झालेलं पाणी, सौद्यात अडत्यानं रुमालाखाली कुणाचा हात कसा दाबला, सगळं. चहा गार झाला. त्यानंतरचे तीस हंगाम एका वाक्यात आटोपले.

नव्या गोष्टीची मेंदू बारकाईनं नोंद ठेवतो. तीच गोष्ट शंभरदा घडली की नोंद करायला काही उरत नाही. मागे वळून पाहताना आपण काळ मोजतो तो बहुतेक या नोंदींवरून. नोंदी दाट असल्या तर वर्ष लांबलचक वाटतं, विरळ असल्या तर चिमूटभर.

(दृश्य: दुपार. कृष्णाकाठचा घाट. एकटे बसलेले एक गृहस्थ.)

म्हणूनच एक चमत्कारिक गोष्ट घडते. नोकरीतून मोकळ्या झालेल्या माणसाला दुपार खायला उठते. चार वाजता वाजत नाहीत. आणि तोच माणूस भाद्रपदात म्हणतो, “अहो, आत्ता तर विसर्जन झालं होतं!” सांगलीच्या गणपती मंदिरात चतुर्थीच्या आधीच, गाजावाजा न करता चोर गणपती बसतो. या वयात वर्षंही तशीच येत असावीत, चोरपावलांनी. रिकामी दुपार जगताना लांबते, आठवताना उरत नाही.

याच्या उलट भीती. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना 31 मीटर उंचीवरून खाली जाळ्यात सोडलं. आपलं पडणं इतरांच्या पडण्यापेक्षा सरासरी 36 टक्के जास्त वेळ चाललं, असा त्यांचा अंदाज आला. पडताना डोळ्यांना मात्र एरवीपेक्षा जास्त काही टिपता आलं नव्हतं. वेळ ताणला गेला तो आठवणीत.

एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर आजोबांवर अन्याय होईल. 2005 मध्ये 14 ते 94 वयाच्या 499 जणांना वेळ किती भरभर जातो, असे प्रश्न विचारले गेले. वेळ पळतोय असं जवळजवळ सगळ्याच वयांचे लोक म्हणाले, आणि वयानुसार पडणारा फरक अगदी थोडा निघाला. तो जरा ठळक दिसला ‘मागची दहा वर्षं कशी गेली’ या प्रश्नावर. म्हणजे म्हातारपणी घड्याळ पळत नाही. दशकं पळतात.

(दृश्य: हरभट रोड. दुकानाच्या भिंतीवर पुराची रेघ.)

या दुकानात आम्ही शेवटी आलो. मालक साठीचे. 2019 चा विषय निघताच त्यांनी स्टूल पुढं ओढलं. गटारीतून उलटं पाणी कधी आलं, माळ्यावर आधी काय चढवलं, बोट कोणत्या कोपऱ्यावर अडली, आईला खांद्यावर घेताना तिनं कुलपाची किल्ली कशी मुठीत धरून ठेवली होती. चार दिवसांची गोष्ट सांगायला पाऊण तास लागला.

मग आम्ही विचारलं, “आणि 2023 साली?”

ते बराच वेळ भिंतीवरच्या रेघेकडं बघत राहिले.

“तेवीसला...” ते म्हणाले, “तेवीसला पाणी नव्हतं आलं.”