पडद्यावरची आई मध्यभागी येते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरच्या सिनेमाविषयी बोलणे निघाले, की ते बाबूराव पेंटर आणि भालजी पेंढारकर या जुन्या दिग्दर्शकांपासून सुरू होते आणि बहुधा जयप्रभा स्टुडिओच्या दारातच थांबते. मला आज स्टुडिओंचा काळ संपल्यानंतर पुढे आलेल्या एका अभिनेत्रीविषयी बोलायचे आहे. त्या आहेत मूळच्या कोल्हापूरच्या उषा जाधव.

भालजींच्या तालमीत तयार झालेल्या सुलोचनादीदींनी पडद्यावरच्या आईला जी प्रतिष्ठा दिली, ती आपण सारे जाणतोच. मात्र हिंदी चित्रपटांत ती आई बहुतेक वेळा नायकाच्या कथेला आधार देण्यापुरतीच असे. चरित्र अभिनेत्रीच्या, म्हणजे नायिकेऐवजी अशा दुय्यम भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीच्या, वाट्याला हेच येते. तिचे काम लक्षात राहते, नाव मात्र श्रेयनामावलीत खाली असते.

२००७ च्या ‘ट्रॅफिक सिग्नल’मध्ये उषा जाधव छोट्या भूमिकेत दिसल्या. त्यांना खरी ओळख दिली ती शिवाजी लोटन पाटील दिग्दर्शित ‘धग’ने. स्मशानात प्रेते जाळण्याचे काम पिढीजात करणाऱ्या कुटुंबातील यशोदा त्यांनी उभी केली आणि साठाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळवला. ही घोषणा २०१३ मध्ये झाली. चित्रपट चित्रपटगृहांत लागला तो त्यानंतर. पुरस्कार आधी आणि प्रेक्षक नंतर, हा उलटा क्रम स्वतंत्र निर्मात्यांच्या चांगलाच अंगवळणी पडला आहे, म्हणा.

पुढे २०१४ च्या ‘भूतनाथ रिटर्न्स’ या मोठ्या हिंदी चित्रपटात त्यांनी झोपडपट्टीतील मुलाची आई साकारली. अभिनेत्री तीच, गरिबीही तशीच. पण तिथे सारा भार अमिताभ बच्चन आणि तो मुलगा यांच्यावर होता. कमी खर्चाच्या चित्रपटाला मोठा तारा परवडत नाही, म्हणूनच पटकथेला त्याच्याभोवती फिरावे लागत नाही आणि कडेला उभी असलेली बाई मध्यभागी येऊ शकते. माझ्या मते उषाताईंच्या कारकिर्दीचे मर्म या आर्थिक वास्तवात आहे. निव्वळ गुणवत्तेच्या गोष्टी सांगून ते उलगडत नाही.

याचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे अनंत महादेवन दिग्दर्शित ‘माई घाट’. केरळमध्ये २००५ साली पोलीस कोठडीत मुलगा गमावलेल्या आणि न्यायासाठी तेरा वर्षे झगडलेल्या आईच्या सत्यकथेवर तो आधारलेला आहे. अशा भूमिकेत एखाद्या प्रसंगात ढसाढसा रडून भागत नाही. वर्षे उलटतात तसा शोकाचा पोत बदलतो, थकवा वाढतो, हट्ट मात्र तसाच राहतो, आणि हे सारे फारसे न बोलता दाखवावे लागते. २०१९ मध्ये गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा रौप्य मयूर पुरस्कार मिळाला.

हे दोन्ही मराठी चित्रपट पाहायचे असतील, तर ‘धग’ आधी पाहावा आणि ‘माई घाट’ नंतर.