सालीवर रंगवलेला हक्क

श्रोतेहो, नमस्कार.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला आर्नहेम लँड नावाचा प्रदेश आहे. हा योलंगू या अ‍ॅबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी, लोकांचा मुलूख. तिथल्या ब्लू मड बे या उपसागराच्या काठावर 1996 साली बेकायदा मासेमारी करणाऱ्यांचा एक तळ सापडला. तळावर गोणपाटाचं पोतं पडलं होतं, आणि पोत्यात मगरीचं कापलेलं मुंडकं होतं. ती जागा मदार्पा कुळाची पवित्र जागा. या कुळाचा आदिपूर्वज बारू, तो मगररूपी. त्याच्याच ठिकाणी कुणी परके येऊन मगर मारून गेले होते.

योलंगू संतापले. आणि चित्रं काढायला बसले. मदार्पा कुळाचे नेते जाम्बवा मरविली यांच्या पुढाकाराने 47 चित्रकारांनी झाडाच्या सालीवर 80 चित्रं रंगवली. कुठलं पाणी कुठल्या कुळाचं, नदीचं गोडं पाणी समुद्राला कुठे मिळतं, कुठल्या खडकाशी कुठल्या पूर्वजाची कथा जोडलेली आहे, हे सगळं त्या चित्रांत आहे. ती देशभर दाखवली गेली, आणि आज सिडनीच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत. पाण्यावरच्या हक्काचा हा दावा पुढे न्यायालयात गेला. 30 जुलै 2008 रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायपीठाने निकाल दिला: अ‍ॅबोरिजिनल लोकांच्या जमिनीवर भरतीचं जे पाणी चढतं, त्यात शिरायचं तर तिथल्या मालकांची परवानगी घ्यावी लागेल.

ही चित्रं कशी होतात तेही सांगतो. पावसाळ्यात निलगिरीच्या जातीतल्या एका झाडात रस वाहत असतो, तेव्हा त्याची साल अखंड सुटून येते. ती विस्तवावर शेकतात, वजनाखाली दाबून सपाट करतात. रंग मातीचे: गेरू, पिवळी माती, पांढरी माती आणि काळा. बारीक रेघांसाठी कुंचला लागतो तो माणसाच्या केसांचा, मोजक्या लांब केसांची बट काडीला बांधून केलेला. त्या कुंचल्याने एकेक रेघ ओढत अख्खी साल भरायची. जवळून पाहिलं तर रेघांचं दाट जाळं दिसतं, आणि दोन पावलं मागं सरलं की ते पाण्यासारखं लकाकायला लागतं.

पण हे जाळं कुणीही काढू शकत नाही. प्रत्येक कुळाची नक्षी ठरलेली आहे, आणि ज्याचा जमिनीशी संबंध आहे, ज्याला वडीलधाऱ्यांनी अधिकार दिला आहे, त्यालाच ती काढता येते. आपल्याकडे जमीन कुणाची हे सातबारा सांगतो. तिथे ते ही नक्षी सांगते. म्हणून अ‍ॅबोरिजिनल कलेला ‘सजावटीची लोककला’ म्हणणं मला अगदी चुकीचं वाटतं. ती मालकीची नोंद आहे, आणि ज्यांनी ही नोंद मानायला नकार दिला त्यांच्यासमोर ती वारंवार ठेवली गेली आहे.

पहिल्यांदा ठळकपणे ठेवली गेली ती 1963 साली. त्याच आर्नहेम लँडमधलं यिरकला हे गाव. सरकारने बॉक्साइटच्या खाणीसाठी तीनशे चौरस किलोमीटरहून जास्त जमीन राखीव क्षेत्रातून काढून घेतली. तिथे राहणाऱ्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. योलंगूंनी संसदेला अर्ज लिहिला, त्यांच्या भाषेत आणि इंग्रजीत. टंकलिखित कागद सालीवर चिकटवला आणि भोवती आपल्या कुळांची नक्षी रंगवली. मंत्र्यांनी शंका काढली की सह्या करणारे मोजकेच आहेत, ते सगळ्यांच्या वतीने कसे बोलणार? मग दुसरा अर्ज गेला, वडीलधाऱ्यांच्या अंगठ्यांसह. अर्ज संसदेने दाखल करून घेतले, चौकशी समितीही नेमली. खाण मात्र थांबली नाही. योलंगू न्यायालयात गेले आणि 1971 साली हरले. या लोकांचा जमिनीवरचा परंपरागत हक्क ऑस्ट्रेलियाच्या कायद्याला ठाऊकच नाही, असं न्यायाधीशांचं म्हणणं पडलं. त्या पराभवातूनच पुढे चौकशी आयोग आला आणि 1976 साली नॉर्दर्न टेरिटरी या तिथल्या प्रांतासाठी जमीन हक्क कायदा झाला. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायपीठाने याच भागातल्या गुमाज कुळाचा भरपाई मागण्याचा हक्क उचलून धरला. अर्जापासून बासष्ट वर्षं!

पश्चिमेकडच्या वाळवंटातल्या लोकांनी तर 1997 साली अख्ख्या मुलखाचंच चित्र काढलं. आठ मीटर बाय दहा मीटरचा कॅनव्हास, त्यावर आपापले पाणवठे. नाव नगुरारा. हक्काच्या सुनावणीत एकेक जण कॅनव्हासवर आपल्या पाणवठ्यावर जाऊन उभा राहिला आणि स्वतःच्या भाषेत बोलला. इंग्रजीत साक्ष देता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी अशी साक्ष दिली. दहा वर्षांनी, 2007 साली, 75 हजार चौरस किलोमीटरांहून जास्त जमिनीवरचा त्यांचा हक्क मान्य झाला. महाराष्ट्राच्या जवळजवळ पाव हिश्शाएवढी जमीन!

शहरात वाढलेल्या चित्रकारांकडे अशी कुळाची नक्षी बरेचदा उरलेली नसते, कारण त्यांच्या आजी-आजोबांना भाषेपासून आणि जमिनीपासून तोडलं गेलं. त्यांची कला वेगळ्या वाटेने जाते. रिचर्ड बेल यांनी 2003 साली एका चित्रावर सरळ लिहून टाकलं की अ‍ॅबोरिजिनल कला ही गोऱ्यांची गोष्ट आहे; तिचा बाजार, तिची किंमत, तिचे जाणकार सगळे गोरेच. त्याच चित्राला त्या वर्षीचा मोठा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि आर्ची मूर. 2024 साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांनी दालनाच्या काळ्या भिंतींवर आणि छतावर खडूने आपली वंशावळ लिहिली, 65 हजार वर्षं मागे जाणारी. मध्येमध्ये रिकाम्या जागा आहेत. हत्याकांडात, साथीत पुसल्या गेलेल्या माणसांच्या त्या जागा. दालनाच्या मधोमध पाणी, आणि त्यावर कागदांचे गठ्ठे: बरेचसे कोठडीत मेलेल्या अ‍ॅबोरिजिनल माणसांच्या मृत्यूच्या चौकशीचे, नावं काळी केलेले. आदल्याच वर्षी, ऑक्टोबर 2023 मध्ये, संसदेपुढे या लोकांचं म्हणणं मांडणारी संस्था असावी हा प्रस्ताव ऑस्ट्रेलियाच्या मतदारांनी साठ टक्क्यांनी फेटाळला होता. मूर यांच्या दालनाला गोल्डन लायन हा त्या प्रदर्शनाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदाच.

शेवटी, मेलबर्न-सिडनीला मुलाबाळांकडे जाणाऱ्या श्रोत्यांसाठी. तिथल्या दुकानांत ठिपक्यांची बूमरँग आणि कॉफीचे मग ढिगाने मिळतात, पण सरकारी आयोगाच्या 2022 च्या अहवालानुसार अशा वस्तूंवरचा निम्म्याहून जास्त खर्च बनावट मालावर होतो. घेताना चित्रकाराचं नाव, कुळ आणि कला केंद्र विचारा. यिरकलाचं कला केंद्र बुकु-लार्नगाय मुल्का हे तिथल्या लोकांच्याच मालकीचं आहे. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही, तर वस्तू तिथेच ठेवा.

नमस्कार.