विजेच्या होडीचा फ्यूज: अँपिअरच्या पलीकडचे दोन आकडे

फ्यूज किती अँपिअरचा घालायचा, हेच सगळे आधी विचारतात. तो हिशेब सोपा आहे, उरकून टाकू. समजा ६ किलोवॅटची मोटर आहे आणि लिथियम आयर्न फॉस्फेटचे १६ सेल सिरीजमध्ये, म्हणजे ५१.२ व्होल्ट. भागाकार केला की ११७ अँपिअर येतात. पण बॅटरी उतरत आली, व्होल्टेज ४५ वर आलं, की तेवढ्याच ताकदीसाठी कंट्रोलर १३३ अँपिअर ओढतो. हिशेब या आकड्यावर करा. त्याची सव्वा पट १६७, म्हणून फ्यूज १७५ चा. केबलची क्षमता फ्यूजपेक्षा जास्तच हवी, कारण फ्यूज असतो तो केबल वाचवायला, मोटर वाचवायला नव्हे. १०५ अंशांच्या इन्सुलेशनची ५० चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल इथे पुरते.

घोळ होतो तो पुढच्या दोन आकड्यांत: फ्यूज किती व्होल्टचा आणि किती करंट तोडू शकतो. २८० अँपिअर-तासांच्या एका चांगल्या सेलचा अंतर्गत रोध जेमतेम पाव मिलिओहम असतो. सोळांचा मिळून ४, बसबार (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि केबलचा आणखी १ धरा. शॉर्ट झाला तर ५१.२ भागिले ०.००५, म्हणजे दहा हजार अँपिअर! गाड्यांचा मेगा फ्यूज बहुधा ३२ व्होल्टचा असतो आणि २००० अँपिअरपर्यंतच तोडू शकतो. त्यातली पट्टी वितळते, पण आर्क, म्हणजे फटीतून पेटती राहणारी विजेची ठिणगी, विझत नाही. फ्यूज उडूनही करंट वाहतच राहतो आणि आग तिथूनच लागते. ५८ व्होल्टचा फ्यूजही नको, कारण पूर्ण चार्जला हा पॅक ५८.४ वर जातो. इथे क्लास टी फ्यूजच घ्या: डीसीला १२५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त, आणि २०,००० अँपिअर तोडण्याची क्षमता. महाग आहे, पण इथे काटकसर करू नका.

घरातला एसी एमसीबी तर अजिबात नको. एसीचा करंट सेकंदाला शंभरदा शून्यावर येतो, तेव्हा आर्क विझतो. डीसीत ती संधीच नाही. डीसी ब्रेकर घेतलात तरी त्यावर अधिक-उणे खुणा आहेत का पाहा. असा ब्रेकर एकाच दिशेचा करंट नीट तोडतो, आणि बॅटरीच्या केबलमधून चार्जिंगचा करंट उलटा येतो.

बीएमएसवर, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटवर, विसंबून फ्यूज गाळू नका. त्यातले मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) जळताना बरेचदा शॉर्ट होऊनच बसतात. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतरात बसवा. अमेरिकेतल्या एबीवायसी या होड्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक ७ इंच म्हणतं. पॅरलल बॅटऱ्या असतील तर प्रत्येकीला स्वतंत्र फ्यूज, नाहीतर एक बिघडली की बाकीच्या सगळ्या तिच्यात करंट ओततात. व्होल्टमीटरच्या बारीक वायरलाही, ती जिथून फुटते तिथेच, एक-दोन अँपिअरचा फ्यूज द्या. त्याचंही व्होल्टेज रेटिंग बघून घ्या.

जोडणीत एक चूक फार दिसते: लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) आणि फ्यूजच्या पट्टीच्या मध्ये वॉशर. वॉशर नटाखालीच हवा. मध्ये घातलात तर सांधा तापतो, आणि फ्यूज ठरलेल्या करंटच्या आधीच उडू शकतो. खाडीच्या खाऱ्या हवेत तर कलई केलेल्या लगशिवाय दुसरं काही वापरू नका.

मुख्य फ्यूज उडाला की मोटर बंद. म्हणून दिवे, व्हीएचएफ रेडिओ आणि पाणी उपसायचा पंप वेगळ्या १२ व्होल्ट बॅटरीवर ठेवा.