आधी पुसून घेऊ

[दृश्य: ग्रँट रोड स्टेशनचा पूर्वेकडचा जिना, गर्दी. मूळ आवाज तसाच ठेवावा. निवेदन सहाव्या सेकंदाला सुरू.]

नकाशावर या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण टॅक्सीवाल्याला सगळे 'लॅमिंग्टन रोड' एवढंच सांगतात. १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर असलेल्या साहेबाचं हे नाव. साहेब गेला, पाटी बदलली, तोंडातलं नाव काही गेलं नाही. आता फुटपाथवर केबलींची भेंडोळी, माउसचे ढीग आणि पोट उघडून ठेवलेले लॅपटॉप.

[दृश्य: फुटपाथवरचे चार्जर, कॅमेरा हळूहळू पुढे.]

ताईकडे डोंबिवलीला घरात एक संगणक हवा होता. भाची नववीत, ताईच्या शिकवण्या, आणि ताईच्या सासूबाई, ज्यांना आम्ही सगळेच आजी म्हणतो. फोन तीन आहेत, पण फोनवर निबंध लिहून बघा म्हणजे कळेल. बजेट पंधरा हजार.

दुकानदारानं आत कॅमेरा चालू करू दिला नाही. त्यामुळे घासाघीस तुम्हाला दिसणार नाही. एवढंच सांगतो की ती झाली, आणि साडेअकरा हजारांवर थांबली.

[दृश्य: टेबलावर काळा लॅपटॉप. झाकणावर बारकोडचं स्टिकर. जवळून.]

हा तो. कुठल्या तरी ऑफिसात सात-आठ वर्षं राबलेला. पाचव्या पिढीचा इंटेल कोअर आय-फाइव्ह प्रोसेसर, म्हणजे २०१५ च्या आसपासचा माल. ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. झाकणावर जुन्या मालकांचं मालमत्तेचं स्टिकर अजून होतं. कुणाचं ते दाखवत नाही, धूसर केलंय.

पैसे देण्याआधी दुकानातच एक गोष्ट बघून घेतली होती, ती तुम्हीही बघा. मशीन सुरू करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागी होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, शिरता येतं का? तिथं पासवर्ड मागितला, तर लॅपटॉप कितीही स्वस्त असो, ठेवा तिथंच. ऑफिसच्या या यंत्रांत आतला सेल काढला म्हणून तो पासवर्ड जात नाही. मग घरी नेऊन त्याची आरती ओवाळायची.

[दृश्य: स्क्रू काढणं. मागचं झाकण नखानं उचकटताना कट्ट असा आवाज. तो ठेवावा.]

हा आवाज ऐकला की पोटात गोळा येतो. काही तुटलेलं नसतं, खाचा सुटतात.

[दृश्य: पंख्यातली धूळ ब्रशनं. पांढऱ्या कागदावर पडलेला धुळीचा गोळा. निवेदन नाही, आठ सेकंद.]

हार्ड डिस्क काढली, तिथं नवी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क बसवली. रिकाम्या खाचेत रॅमची आणखी एक पट्टी टाकली. सगळं मिळून पंधराच्या आत. या गोष्टी आता लिहून दाखवण्यासारख्या राहिल्या नाहीत, शाळकरी पोरंही करतात. इथं कॅमेरा थांबला तो काढलेल्या जुन्या डिस्कवर.

[दृश्य: हातात जुनी हार्ड डिस्क. खालून केबल लावून दुसऱ्या संगणकाला जोडली.]

ही डिस्क फेकायची नव्हती. वीस वर्षांचे घरचे फोटो हिच्यावर जाणार होते. म्हणजे ही आता घरातली होणार. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, फॉरमॅट मारलाय, एकदम क्लीन."

फॉरमॅट मारणं म्हणजे काय, ते आधी बघू. पटकन होणाऱ्या फॉरमॅटमध्ये डिस्कवरची अनुक्रमणिका फाडली जाते. पानं तशीच राहतात. कुठल्या पानावर काय आहे हे संगणकाला माहीत नसतं, इतकंच. पण कुणी बसून एकेक पान उलटायचं ठरवलं, तर सगळं वाचता येतं.

[दृश्य: काळ्या पडद्यावर फोटोरेक. सापडलेल्या फायलींचा आकडा वाढतोय.]

पानं उलटणारा हा प्रोग्राम, फोटोरेक. फुकट मिळतो, कुणालाही. आकड्याकडे बघा.

[दृश्य: आकडा वाढतच राहतो. निवेदन नाही, बारा सेकंद.]

दहा मिनिटांत दोन हजारांवर. त्यातली एक फाइल आम्ही उघडली. एकच.

[दृश्य: धूसर केलेला कागद. फोटोची चौकट आणि सहीची रेघ तेवढी ओळखू येते.]

कुणाचं तरी ओळखपत्र, स्कॅन केलेलं. कदाचित नोकरीला लागताना दिलेलं. त्या माणसाला याचा पत्ताही नसेल. तिथं बंद केलं. ज्या पेनड्राइव्हवर या फायली उतरल्या होत्या, तोही पुसून टाकला. ज्या ऑफिसनं ही यंत्रं अशीच विकली, त्याबद्दल बोलण्यासारखं बरंच आहे, पण ते आपल्या चित्रीकरणात नाही.

[दृश्य: टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी. डिस्कची यादी. दोन ओळी: एसडीए, एसडीबी.]

आता पुसायचं. त्यासाठी वापरतोय एक जुनी, रुक्ष आणि अत्यंत आज्ञाधारक आज्ञा: डीडी. ती विचारत नाही. 'नक्की का?' म्हणत नाही. जिकडे बोट दाखवाल तिकडे शून्यं लिहीत सुटते. म्हणून आधी ही यादी. एसडीए माझ्या स्वतःच्या संगणकाची डिस्क, एसडीबी जुनी. एका अक्षराचा फरक. मी एकदा चुकलोय. लेह-लडाखची सगळी ट्रिप शून्य झाली. बायको तो विषय अजून काढते.

नावावर विसंबू नका, आकार बघा. एसडीबीसमोर लिहिलंय ४६५.८. 'अरे, ५०० जीबी म्हणाले होते!' म्हणून या रस्त्यावर रोज कुणीतरी भांडत असतं. फसवणूक नाहीये. डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, संगणक १०२४ च्या. शेर तोच, मापट्यात फरक.

[दृश्य: एंटर बटणावर थबकलेलं बोट. अकरा सेकंद. कापू नये.]

[दृश्य: बोट दाबतं. डिस्कची बारीक घरघर.]

सुरुवातीला वेग सेकंदाला ११० एमबी. पुढं तो उतरत जातो, आणि हे बिघाडाचं लक्षण नाही. डिस्क बाहेरच्या कडेपासून भरत आत येते. बाहेरचा घेर मोठा, एका फेरीत जास्त मावतं. आतला घेर लहान. जात्याच्या पाळीचा आणि खुंट्याजवळचा जो फरक, तोच.

एकदा शून्यं लिहून पुरे का? ३५ वेळा लिहावं असं सांगणारे तुम्हाला भेटतील. हा आकडा पीटर गटमन या संशोधकाच्या १९९६ च्या निबंधातला आहे, आणि तो त्या वेळच्या वेगवेगळ्या जुन्या तंत्रांच्या डिस्क डोळ्यांपुढं ठेवून काढलेला. लोकांनी त्याचं स्तोत्र केलं, अशी तक्रार पुढं गटमननीच केली. आजच्या फिरत्या डिस्कला एक हात पुरतो. एसएसडीचं मात्र वेगळं. तिच्यात राखीव जागा असते, बाहेरून लिहिलेली शून्यं तिथवर पोचतीलच असं नाही. तिला तिच्या स्वतःच्या पुसण्याच्या आज्ञेनंच पुसावं लागतं. आमची नवी होती, प्रश्न आला नाही.

[दृश्य: घड्याळ. चहाचे कप. भाची टेबलावर डोकं ठेवून आकड्यांकडे बघतेय.]

एक तास अडतीस मिनिटं.

[दृश्य: टर्मिनल. शून्यांची एक ओळ. तिच्याखाली एकटा तारा. त्याखाली एक लांबलचक आकडा.]

हे बघा. ही मला या सगळ्या फितीतली सर्वांत देखणी चौकट वाटते. डिस्कवर काय आहे ते वाचून दाखव, असं संगणकाला सांगितलं. त्यानं शून्यांची एकच ओळ लिहिली, खाली एक तारा काढला, आणि शेवटचा पत्ता देऊन गप्प बसला. तारा म्हणजे 'पुढं सगळं असंच'. पाच लाख एमबीचं वर्णन, एका ताऱ्यात. नेमकं सांगायचं तर ५,००,१०,७८,६२,०१६ बाइट. ते ओळखपत्रही यातच गेलं.

भाचीनं विचारलं, "मग आता यात काहीच नाही?"

[दृश्य: ताऱ्यावर स्थिर. चार सेकंद शांतता.]

[दृश्य: पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावताना.]

आता लॅपटॉपच्या नव्या एसएसडीवर राहायला कोण येणार, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली कुठली टाकायची? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारे सुरक्षेचे सुधार, संपला. घरगुती वापरासाठी तिथून वर्षभराची जादा मुदत दिली गेली, पण ती मुदतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या प्रोसेसरची साधारण आठवी पिढी. आमचं यंत्र पाचवीतलं. धडधाकट, पण परीक्षेला बसू न दिलेलं. अशी किती यंत्रं केवळ या कारणानं भंगारात जातील, याचा विचार ज्यानं त्यानं करावा. मी माझा केलाय.

आम्ही टाकतोय विंडोजच्या जागी चालणारी प्रणाली, लिनक्स मिंट २२, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. फुकट, आणि सुरक्षेचे सुधार २०२९ पर्यंत. २००६ पासून हा प्रकल्प चालू आहे. त्यांच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं आणि ते 'आ'वर संपतं. पहिली एडा, ही विल्मा. आजींना ही माहिती फार आवडली. "मग आमची शकुंतला कधी?"

[दृश्य: पडद्यावर अक्षरं-आकड्यांची लांब साखळी, खाली तशीच दुसरी. बोट दोन्हींवरून सरकतंय.]

उतरवलेली फाइल अस्सल आहे का, हे इथं तपासतोय: फाइलवरून काढलेली साखळी आणि मिंटनं जाहीर केलेली साखळी तंतोतंत जुळली पाहिजे. कंटाळवाणं काम, आणि बहुतेक जण गाळतात. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटचीच वेबसाइट फोडली गेली होती. १७.३ सिनेमन आवृत्तीच्या दुव्यावर चोरांनी आपली, मागचं दार उघडं असलेली फाइल लावून ठेवली. त्या दिवशी ज्यांनी निमूटपणे उतरवून घेतली, त्यांनी पाहुणा म्हणून चोरच घरी नेला. म्हणून ही साखळी. आणि वेबसाइट फोडणारा साखळीही बदलू शकतो, म्हणून तिच्यावरची मिंटची डिजिटल सहीसुद्धा तपासायची.

[दृश्य: स्थापनेची पट्टी सरकतेय. भाषांच्या यादीत 'मराठी'.]

बसायला वीस मिनिटं. सगळी डिस्क वापर म्हटलं, वेळेसाठी नकाशावर कोलकाता निवडलं (मुंबई नाही, उगाच शोधत बसू नका), आणि तीन खाती केली. ताईचं कारभारणीचं, बाकी दोन साधी. साध्या खात्यातून पासवर्डाशिवाय नवं काही बसवता येत नाही. भाचीनं यावर काय म्हटलं ते चित्रित झालंय, पण ठेवलेलं नाही.

[दृश्य: झाकणावरचं स्टिकर. नखानं खरवडतोय, निघत नाही. बाजूनं आजींचा हात येतो, हातात खोबरेल तेलाची बाटली.]

"खरवडू नकोस रे, ओरखडे पडतील. खोबरेल लाव आणि दहा मिनिटं विसर."

[दृश्य: दहा मिनिटांनंतर. स्टिकर कापसाबरोबर निघतं. निवेदन नाही.]

[दृश्य: किबोर्ड. देवनागरी स्टिकर एकेक करून लावणारी भाचीची बोटं. वरून.]

इनस्क्रिप्ट. किबोर्डवर भारतीय लिप्यांची अक्षरं बसवायची १९८६ पासूनची सरकारमान्य मांडणी, आणि माझ्या मते आपल्या लिपीसाठी झालेलं फार शहाणं काम. स्वर जवळजवळ सगळे डाव्या हाताखाली, व्यंजनं बहुतेक उजव्या. मराठी आपण बोलतो तसंच, व्यंजन मग स्वर, एक हात मग दुसरा. रोमन अक्षरांत मराठी लिहून मग यंत्राला ती ओळखायला लावायचं, या वळशाची गरजच नाही. हे कुणी शाळेत शिकवत नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. असो.

[दृश्य: तेलाचे डाग पडलेली वही. पान पिवळं. टेकवून ठेवलेला चष्मा.]

आजींची लोणच्याची वही. हिच्यासाठीच त्यांना संगणक हवा होता. पहिला शब्द 'कैऱ्या'.

फोनवर या शब्दाचं 'कैर्या' होतं. रफार वर चढून बसतो आणि कैरी आर्या होते. आपला हा र, 'दऱ्या' मधला, 'सुऱ्या' मधला, त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतःचं घर आहे: खाली टिंब असलेला ऱ. इनस्क्रिप्टमध्ये तो र च्याच बटणावर बसतो, शिफ्ट धरला की. आमच्या स्टिकरवर तो छापलेलाच नव्हता.

[दृश्य: भाची काळ्या मार्करनं स्टिकरच्या कोपऱ्यात बारीक ऱ लिहितेय.]

क. मात्रा. शिफ्ट दाबून ऱ. हलन्त. य. काना.

[दृश्य: पडद्यावर 'कैऱ्या'. मग आजींचा चेहरा. निवेदन नाही, नऊ सेकंद.]

चार महिने झाले. जिजाजींचा प्रिंटर चालायला एक रविवार गेला, त्यांचं एक ऑफिसचं सॉफ्टवेअर चाललंच नाही, आणि भाचीला क्लासात विंडोजवर शिकवतात, घरी मिंट. ताईच्या शिकवण्यांचे पेपर मात्र आता घरीच तयार होतात. जुन्या डिस्कवर १४,००० फोटो गेलेत.

[दृश्य: संध्याकाळ. आजी, लॅपटॉप, बाजूला वही. एक बोट डावीकडे शिफ्टवर, दुसऱ्या हाताचं बोट बटणांवरून फिरतंय.]

"ळ कुठंय गं?"

"ल वरच आहे आजी. शिफ्ट सोडू नका."

[दृश्य: पडद्यावर: हळद, दोन वाट्या. मोहरीची डाळ, चार.]

[मूळ आवाज. कुकरची शिट्टी. काळा पडदा.]