पत्ता उरला, जागा गेली

गो या प्रोग्रॅमिंग भाषेतला एक छोटा प्रोग्रॅम डोळ्यांसमोर आणा. वर एक रिकामा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणारे व्हेरिएबल आहे, त्याखाली एक लेबल, म्हणजे कोडमधल्या जागेला दिलेले नाव आहे आणि त्या नावाकडे उडी घ्यायला सांगणाऱ्या गोटूमुळे लेबलखालचा कोड तीनदा चालतो. दर फेरीला एक्स नावाचे नवे व्हेरिएबल तयार होऊन त्यात 0, 1, 2 असे अंक भरले जातात. पॉइंटर मात्र पहिल्या फेरीतल्या एक्सचाच पत्ता धरून ठेवतो. शेवटी त्या पत्त्यावरची किंमत छापली, तर 0 यायलाच हवे.

तिथे 2 आले, तर दोष प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा नसून, कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरच्या एस्केप ॲनालिसिस या विश्लेषणाचा असतो. स्टॅक आणि हीप हे मेमरीचे दोन भाग; कोणते व्हेरिएबल स्टॅकवर राहू शकते आणि कोणते हीपवर न्यायला हवे, हे त्यात ठरते. स्टॅकवरची जागा फंक्शन संपताच मोकळी होते, हीपवरची मोकळी करण्याचे काम गार्बेज कलेक्टरवर, म्हणजे वापरात नसलेली मेमरी शोधून परत घेणाऱ्या यंत्रणेवर पडते. म्हणून शक्य तेवढे स्टॅकवर ठेवण्याकडे कंपायलरचा कल असतो आणि तो रास्तच आहे.

कोणाचा पत्ता कोणाकडे जातो, याचा आलेख गोचा कंपायलर मांडतो. पत्ता घेतला की उणे 1, पत्त्यावरची किंमत वाचली की अधिक 1, असा हिशेब त्यात असतो. शिवाय व्हेरिएबल एकात एक अशा किती लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या कोडच्या आत जन्मले, ती खोलीही (डेप्थ) नोंदलेली असते. आतल्या व्हेरिएबलचा पत्ता बाहेरच्या पॉइंटरकडे गेला, तर ते हीपवर हलवावेच लागते, कारण स्टॅकवर त्याला एकच जागा मिळते आणि पुढची फेरी त्याच जागेवर लिहिते. फॉर लूप लगेच ओळखता येतो. गोटूने मागे घेतलेली उडी हाही लूपच आहे, ही गोष्ट विश्लेषणातून निसटली, की आपला 0 पुसला जातो.

ज्याचा पत्ता कुठेतरी साठवला आहे, असे प्रत्येक व्हेरिएबल सरसकट हीपवर ढकलले, तरी उत्तर बरोबर येईल. पण ती दुरुस्ती म्हणता येणार नाही, कारण तिचा भुर्दंड प्रत्येक प्रोग्रॅमला बसेल. खरी दुरुस्ती नेमकी आहे: फंक्शन वरून खाली वाचताना गोटू दिसला आणि त्याचे लेबल आधीच येऊन गेले असेल, तर त्या लेबलपासून खोली एकाने वाढवायची.

या भागाला हात लावताना सावधगिरी किती लागते, हे 2019 मधल्या गो 1.13 वरून कळते: नवे, अधिक अचूक विश्लेषण आणतानाही जुन्याकडे परतण्याचा पर्याय तेव्हा खुला ठेवला होता.

आता हाच प्रोग्रॅम चाचणीत जातो. एक्सच्या ओळीशेजारी, ते हीपवर हलवल्याचा कंपायलरचा अपेक्षित संदेश लिहिलेला असतो. तो आला नाही, तर चाचणी नापास होते. सोबत दुसरा प्रोग्रॅम असतो, ज्यात गोटू पुढे उडी घेतो आणि एक्स स्टॅकवरच राहायला हवे. तिथे असा संदेश आला, तरीही चाचणी नापास.