पट्टीचा उचललेला कोपरा

श्रोतेहो, नमस्कार. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला शिरेत बारीक नळी घालून पोषण द्यावे लागते आणि नळी जिथे त्वचेत शिरते तिथे पारदर्शक पट्टी चिकटवतात, हे ज्यांच्या घरी असे बाळ जन्मले त्यांना ठाऊकच आहे. आज त्या पट्टीविषयी बोलायचे आहे.

इंदूरच्या एका रुग्णालयात मी नवजात शिशूंच्या कक्षात होतो, तेव्हा ९८० ग्रॅम वजनाची एक मुलगी आमच्याकडे आली होती. तिच्या आजी रामबागेतून रोज दुपारी येत आणि कोपरापर्यंत हात धुऊन काचेच्या पेटीजवळ उभ्या राहत. सहाव्या दिवशी त्या म्हणाल्या, "डॉक्टर, पायावरच्या पट्टीचा कोपरा उठलाय, तव्यावरच्या पापडासारखा. आत ओलही दिसतेय." मी वाकून पाहिले, कडेला नखाएवढी पट्टी सुटली होती आणि तिच्याखाली पाण्याचा थेंब चमकत होता. तक्त्यावर पट्टी बदलण्याचा सातवा दिवस दुसऱ्या दिवशी होता, म्हणून "उद्या बदलणारच आहोत," असे सांगून मी पुढच्या पेटीकडे वळलो. पहाटे मुलीचा श्वास मधूनमधून थांबू लागला, अंग गार पडले, आणि रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जंतू वाढला, जो तुमच्याआमच्या कातडीवर एरवी निमूट राहतो. नळी काढावी लागली, अँटिबायोटिक द्यावे लागले, मुलगी वाचली. आजी मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत, आणि तेच मला अधिक लागले. नातेवाइकांना सरसकट दाराबाहेर ठेवण्याची आपली रीत मला तेव्हापासून पटत नाही.

सात दिवसांची मुदत कोरड्या, स्वच्छ आणि घट्ट पट्टीसाठी असते. कोपरा सुटला, आत ओल आली किंवा रक्त साचले, तर पट्टी त्याच दिवशी बदलायची. पुन्हा सांगतो, त्याच दिवशी. उलट, चांगली बसलेली पट्टी इवल्या बाळाच्या अंगावरून केवळ तारीख आली म्हणून ओढू नये, कारण नळी सरकते आणि कोवळी कातडी पट्टीबरोबर सुटून येते.

मग मोठ्यांसारखी क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाची औषधी पट्टी का लावत नाहीत, असे पालक विचारतात. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या ७०५ बाळांच्या चाचणीत अशा पट्टीमुळे नळीवर जंतू कमी वसले, परंतु रक्तातील संसर्ग घटला नाही, आणि ती लावलेल्या १००० ग्रॅमपर्यंतच्या ९८ बाळांपैकी १५ जणांची त्वचा दुखावली.

त्या मुलीला पुढे दुसरी नळी घातली. दुपारी आजी आल्या की पेटीवरचे कापड मी स्वतः बाजूला करीत असे.