आधी घर पाहा, मग हीट पंप

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या डिसेंबरात औसा तालुक्यातल्या एका गावात मी पाणी तापवायचा हीट पंप चालू करून दिला. घरातल्या आजी शेजारीच उभ्या होत्या. यंत्राच्या पंख्यासमोर त्यांनी हात धरला आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आरं, ह्यातून तर गार वारा यालाय. मग पाणी कसं तापवणार हे?"

आजींनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. गिझरमध्ये विजेची उष्णता होते आणि ती पाण्यात जाते. हीट पंप स्वतः उष्णता तयार करत नाही, तो ती वाहून नेतो. बाहेरच्या हवेतली उष्णता यंत्राच्या नळ्यांत फिरणारा गॅस शोषून घेतो, कॉम्प्रेसर तो गॅस दाबतो, दाबला की गॅस आणखी तापतो आणि ती उष्णता टाकीतल्या पाण्याला देतो. हवेतली उष्णता काढून घेतली म्हणून वारा गार. आपला फ्रीज हेच करतो, आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. कल्पना नवी नाही. स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहराच्या टाउन हॉलला 1938 साली नदीच्या थंडगार पाण्यातून उष्णता घेऊन ऊब देण्यात आली होती.

आता विजेचा हिशेब. पाच माणसांच्या घरात अंघोळीला 200 लिटर पाणी धरा. हिवाळ्यात ते 20 अंशांवरून 50 अंशांवर न्यायला गिझरला साधारण 7 युनिट लागतात. चांगला हीट पंप तेच काम दोन-अडीच युनिटांत करतो. हा फरक रोजचा आहे. गेली वीस वर्षं मी फ्रीज-एसीचं काम करतो, आणि विजेची एवढी बचत करणारं दुसरं घरगुती यंत्र माझ्या हाताखालून गेलेलं नाही. तरीही दुकानात जाऊन किंमत विचारण्याआधी आपल्या घराभोवती एक चक्कर मारा, असं मी प्रत्येकाला सांगतो. यंत्र सगळीकडं तेच असतं. ते टिकणार की नाही हे घर ठरवतं.

त्या आजींचं घर माळवदाचं होतं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी सरं आणि त्यावर मातीचा थर. उन्हाळ्यात आत शिरलं की जीव सुखावतो. घरच्यांची इच्छा होती की टाकी माळवदावर ठेवावी, म्हणजे पाणी आपोआप खाली येईल. मी स्पष्ट नाही म्हणालो. 200 लिटर पाण्याचं वजनच 200 किलो, टाकी आणि यंत्र धरून पावणेतीनशे किलोच्या आसपास जातं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जड भिंती आणि माळवदं झोपेतल्या माणसांवर कोसळली. लातूर-धाराशिवच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. जुन्या माळवदावर एक किलोही वाढवू नये, असं माझं ठाम मत आहे. आम्ही ते यंत्र अंगणात, न्हाणीच्या भिंतीला लागून, जमिनीवरच बसवलं. पाण्याच्या दाबासाठी शेजारी लोखंडी स्टँडवर छोटी टाकी उभी केली. जुन्या बंबाची जागा तीच होती. तुराट्या आणि पऱ्हाट्यांचा धूर त्या भिंतीवर अजून काळा दिसतो.

जमिनीवर ठेवायचं म्हटलं की पुढचा प्रश्न मातीचा. इथं मी स्वतः चुकलो आहे. लातूरच्या बाहेर, नव्या वसाहतीतल्या एका रो-हाउसमध्ये मागच्या अंगणात मी सिमेंटचा ओटा घातला, थेट काळ्या मातीवर. त्यावर बाहेरचं यंत्र ठेवलं, टाकी घरात, मधे गॅसचा तांब्याचा पाइप. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात भेगांमध्ये मनगटापर्यंत हात जातो, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असतं. मला ते शेतात माहीत होतं, अंगणात आठवलं नाही. पहिल्याच वर्षी ओटा एका बाजूला कलला, पाइपाच्या जोडावर ताण आला आणि सगळा गॅस निघून गेला. मालकांनी शब्दानंही दुखावलं नाही, पण मला रात्रभर झोप नव्हती. तेव्हापासून काळी माती उपसून मुरूम लागेपर्यंत खोदायचं, मुरूम नीट ठोकायचा आणि मगच ओटा घालायचा. तेवढं जमत नसेल तर काँक्रीटच्या कॉलमला मजबूत ब्रॅकेट मारायचे.

रो-हाउसमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन घरांच्या मधल्या अरुंद बोळात यंत्र ठेवलं तर ते स्वतःनंच सोडलेली गार हवा पुन्हा ओढतं आणि पाणी तापायला जास्त वेळ लागतो. फ्लॅटच्या डक्टमध्येही हेच होतं. समोर मोकळी जागा हवी. आणि शेजाऱ्यांच्या झोपायच्या खोलीकडं पंख्याचं तोंड नको. पंख्याची घरघर दिवसा ऐकू येत नाही, पहाटे येते.

माझी बहीण रत्नागिरीकडं, समुद्राजवळ राहते. तिच्याकडं मी मागं यंत्र बसवायला गेलो तेव्हा कळलं की तिकडचं गणित वेगळं. खाऱ्या वाऱ्यानं साधे स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतात, यंत्राच्या हवेतली उष्णता घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या भुसभुशीत होतात. तिथं लेप दिलेल्या पात्यांचं यंत्र घ्यायचं, स्क्रू-ब्रॅकेट स्टेनलेस स्टीलचे घ्यायचे, यंत्र समुद्राच्या वाऱ्याच्या थेट तोंडावर ठेवायचं नाही आणि अधूनमधून गोड्या पाण्यानं पात्या धुवायच्या. एक फायदाही तिथं आहे. दमट हवेतली वाफ पात्यांवर पाणी होऊन ठिबकते, तेव्हा तीही आपली उष्णता यंत्राला देऊन जाते. रात्रीही हवा फारशी गार होत नाही.

आपल्याकडं मीठ नाही, धूळ आहे. सोयाबीनची मळणी सुरू झाली की थ्रेशरचं भुसकट हवेत असतं, पाठोपाठ कापसाची तुसं. ती पात्यांमध्ये अडकून घट्ट थर बसतो आणि यंत्राचा श्वास कोंडतो. दिवाळीच्या साफसफाईत एक मऊ ब्रश या यंत्रासाठी काढून ठेवा.

आणि आपल्याकडं दिवस-रात्रीच्या तापमानात मोठं अंतर असतं. परभणीत थंडीच्या दिवसांत पहाटे पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, दुपारी तोच 28 ला जातो. बहुतेक जण गिझरच्या सवयीनं पहाटे पाचला बटण दाबतात. हीट पंपासाठी ती सगळ्यात वाईट वेळ, हवेत उष्णताच कमी असते. दुपारी एक ते चार चालवा. टाकीला जाड फोमचं आवरण असतं, दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गरमच मिळतं. रात्री वीज गेली तरी अंघोळ अडत नाही. छतावर सोलर पॅनेल असतील तर दुपारची वीज तुमची स्वतःचीच. मे महिन्यात मात्र यंत्र सरळ बंद ठेवा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच तेव्हा चटके देतं, आणि 43-44 अंशांच्या उन्हात गॅसचा दाब वाढून यंत्र ट्रिप होतं. वर पत्र्याची सावली केलेली बरी, पंख्याचा वारा अडणार नाही इतक्या उंचीवर.

शेतातल्या घरासाठी कुणी विचारलं तर मी आधी वीज कुठल्या लाइनवरून येते ते पाहतो. शेतीपंपाच्या फिडरवर ठरावीक तासच पुरवठा असेल आणि व्होल्टेज खालीवर होत असेल, तर मी हीट पंप घेऊ नका म्हणून सांगतो. तिथं सूर्यावरचं पाणी तापवायचं यंत्र किंवा आपला बंबच बरा.

बोअरच्या पाण्याचं काय, हे तर सगळेच विचारतात. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी जड, बादलीच्या काठावर पांढरा थर सोडणारं. तोच थर टाकीत बसतो. म्हणून कॉइल, म्हणजे पाण्याला उष्णता देणारी गॅसची नळी, टाकीच्या आत बुडवलेली नको, बाहेरून गुंडाळलेली घ्या. रोजचं तापमान 50-55 वर ठेवा, जितकं जास्त तापवाल तितका क्षार लवकर साचतो. जंतूंसाठी आठवड्यातून एकदा 60 पर्यंत नेणं पुरेसं आहे. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते, गंज टाकीऐवजी ती खाते. दरवर्षी ती काढून पाहायला सांगा आणि झिजली असेल तर बदला. कुणी आपणहून ती काढून दाखवत नाही.

शेवटचं सांगणं बसवणाऱ्याबद्दल. टाकी घरात आणि यंत्र बाहेर अशा जोडणीत गॅस सोडण्याआधी पाइपातली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपानं काढावी लागते. घाईत अनेक जण थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलतात आणि मोकळे होतात. आत राहिलेली ओल पुढं कॉम्प्रेसर खराब करते, तोपर्यंत गॅरंटीचे दिवस संपलेले असतात. माणूस घरी आला की त्याच्या पिशवीत व्हॅक्यूम पंप आहे का ते विचारा. पंप सुरू झाला की घड्याळ पाहा. निदान अर्धा तास तो चालला पाहिजे, आणि बंद केल्यावर दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा जागेवरून हलता कामा नये. काटा सरकला तर कुठंतरी गळती आहे. ती सापडेपर्यंत त्याला गॅस सोडू देऊ नका.

नमस्कार.